मागच्या वर्गाची बेरीज

उत्तर पंचवीस आलं. मी त्याखाली दोन रेघा ओढायला घेतल्या, कारण हल्ली मी उत्तराखाली दोन रेघा ओढते, आणि दुसरी रेघ अर्ध्यात असताना पट्टी थांबली. एका दवाखान्यात एका दिवशी साठ पेशंट आलेले, त्यांच्या वयांचा तक्ता दिलेला: दहा ते वीस आठ जण, वीस ते तीस चौदा, तीस ते चाळीस सोळा, असं पुढे, आणि विचारलेलं मीडियन, म्हणजे सगळ्यांना वयाप्रमाणे रांगेत उभं केलं तर मधोमध येणाऱ्या माणसाचं वय. तो मधला माणूस तीस ते चाळीसच्या वर्गात बसतो हे मीच दोन ओळी वर लिहिलं होतं, त्याला चौकटही केली होती, आणि खाली मीच म्हणत होते की तो पंचवीस वर्षांचा आहे. चार मार्कांचा प्रश्न. डोक्यावर पंखा फिरत होता, बाहेर कडुलिंबाची पानगळ चाललेली, पुढच्या बाकावरची मुलगी पुरवणी मागायला उठलेली, आणि माझ्या समोर एक माणूस चुकीच्या खोलीत बसलेला. मग दिसलं. सूत्रात वरपासून करत आणलेली बेरीज वजा करायची असते, ती मागच्या वर्गापर्यंतची. आठ आणि चौदा, बावीस. मी त्याच वर्गाची घेतली होती, अडतीस. तीसमधून बावीस गेले आठ, सोळाने भागले, दहाने गुणले, पाच. तीस आणि पाच पस्तीस. खोडलं, लिहिलं, दोन रेघा. अर्धं मिनिटसुद्धा गेलं नसेल. आणि पेनाचं टोपण लावता लावता मी थांबले, कारण सकाळी पावणेनऊला माझ्या मैत्रिणीने, अस्मिताने, फोन करून मला नेमकं हेच विचारलं होतं.

तिने विचारलं होतं की मोहना, मीडियनला बेरीज कुठली घ्यायची, त्याच वर्गाची की मागच्या. मी जिन्यात एका पायात बूट घालून उभी होते, आई खाली स्कूटर सुरू करून हॉर्न देत होती, आणि मी एक सेकंदही न थांबता म्हटलं, त्याच वर्गाची. ती म्हणाली, पाकुं? मी म्हटलं, पाकुं. आम्ही गुजरातेतले मराठी, आमच्यात गुजरातीतून हा शब्द इतका आलेला आहे की तो आता मराठीच वाटतो. पाकुं म्हणजे पक्कं, पुन्हा विचारू नकोस. फोन आईच्या हातात दिला, तिने तो डिकीत टाकला, आणि नागरवाड्याच्या गल्लीतून बाहेर पडेपर्यंत मी त्या प्रश्नाला विसरूनही गेले होते. उलट छान वाटत होतं. आदल्या रात्री झोप लागली नव्हती, सकाळी पोहे घशाखाली उतरत नव्हते, आणि त्या एका प्रश्नाला इतकं ठणठणीत उत्तर दिल्यावर पोटातला गोळा विरघळून गेला होता. म्हणजे मी तिच्या चार मार्कांवर पाय ठेवून वर चढले होते. आता ती तळमजल्यावर पाच नंबरच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे परीक्षेच्या खोलीत, बसलेली, मी दुसऱ्या मजल्यावर, आणि मध्ये दोन जिने, एक प्यून, आणि बोर्डाची परीक्षा.

चार मार्क कुणाला लागतात असं विचारलं तर मला लागत नव्हते. अस्मिताला लागत होते. प्रिलिममध्ये तिला ऐंशीपैकी एकोणतीस होते, म्हणजे पास, पण काठावरची, एक पाय पाण्यात. आणि तिने बेसिक गणित घेतलं असतं तर हा प्रश्नच आला नसता. आमच्याकडे दहावीचा फॉर्म भरताना बेसिक की स्टँडर्ड ते लिहायचं असतं. बेसिक सोपं, पण मग अकरावीला सायन्समध्ये गणित मिळत नाही. सरांनी तिला बेसिकच सांगितलं होतं, तिच्या वडिलांनी, रणवीरकाकांनी, मान डोलावली होती, आणि अस्मिताने बेसिक लिहायला पेन उघडलं होतं. छाणीत त्यांचं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक जुनं ड्रिल मशीन, आणि अस्मिताला लहानपणापासून एकच हवंय: तिथे एक दिवस कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आणायचं आणि ते स्वतः चालवायचं. हे तिने मला सोडून कुणाला सांगितलेलं नाही, कारण सांगितलं की लोक हसतात, आणि हसले नाहीत तर आणखी वाईट, कौतुक करतात. त्या दिवशी मी, जी तोपर्यंत वर्गात हजेरीलासुद्धा हळूच 'येस सर' म्हणायची, रणवीरकाकांसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं की काका, स्टँडर्ड भरू द्या, आम्ही मिळून करू. ते लेथ सोडून हात पुसत पुढे आले. मग म्हणाले, "तारी जवाबदारी, बेन." तुझी जबाबदारी, असं हसत म्हणाले होते, पण मला ते हसू नंतर कधी आठवलं नाही, शब्द तेवढे आठवत राहिले. त्यानंतर जेव्हा जेव्हा मी तिथे गेले, ते तिला नाही, मला विचारायचे: पास थशे ने, होईल ना पास? आणि मी म्हणायची, पाकुं.

पाकुं म्हणायला मी शिकले कुठे, तर त्याच वर्कशॉपमध्ये. सुरुवातीला आम्हाला सौमित्र शिकवायचा, आमच्या वर्गात पहिला येणारा. त्याचं असं की त्याला सगळं इतकं पटकन येतं की ते कसं आलं हे त्याला माहीतच नसतं. 'हे उघडच आहे' म्हणायचा आणि पुढच्या ओळीवर जायचा, आणि आम्ही दोघी त्या उघड असलेल्या गोष्टीच्या दारात उभ्या. तीन आठवड्यांनी अस्मिता म्हणाली, याने शिकवलं की याचंच पाठ होतंय, आपलं काय? आणि तिने नियम काढला: ज्याला धडा येत नाही त्यानेच तो शिकवायचा, आणि ज्याला येतो त्याने गप्प बसायचं. सौमित्रला वाटलं चेष्टा आहे. पण त्याला खारी शिंग, म्हणजे खारे शेंगदाणे, दिली की तो गप्प बसायचा, एकेक दाणा सोलत, आणि आपण चुकलो की त्याचं सोलणं थांबायचं, एवढीच मदत. फळा म्हणून काकांचा पत्रा होता, भिंतीला टेकवलेला, सहा फुटी; कारागीर त्यावर खडूने मापं लिहायचे आणि उरलेली जागा आमची. पत्रा कापायला गेला की आमचे काटकोन त्रिकोणही जायचे, दुसरा पत्रा यायचा. मला पहिल्यांदा उभं केलं ते त्रिकोणमितीला. हातात खडू, मागे दोन लेथ चालू. मी म्हटलं की मला वाटतं हा कोन तीस अंशांचा असावा. कुणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हटलं. नाही. अस्मिताने कानाला हात लावून दाखवला. आणि लेथच्या आवाजावर बोलायचं तर ओरडावंच लागतं, आणि ओरडून 'मला वाटतं असावा' असं म्हणताच येत नाही, वेड्यासारखं दिसतं. मी ओरडले: हा कोन तीस अंशांचा आहे. सौमित्र दाणे सोलत राहिला. आहे. माझ्या आयुष्यातला पहिला 'आहे'. त्या दिवशी छाणीहून परत येताना बसमध्ये मी मनातल्या मनात सगळ्याच गोष्टींना 'आहे' म्हणत होते, ही बस आहे, हा पूल आहे, मी आहे.

त्याच्याआधी माझं एक वाक्य होतं: बघून सांगते. शाळेत, घरी, नातेवाइकांत, कुणी काही विचारलं, अगदी माझ्याच पुस्तकातलं, तरी मी म्हणायची, बघून सांगते, आणि मग बघायची नाही, कारण तोवर विचारणारा दुसऱ्याकडे गेलेला असायचा. आई तर मला बघून-सांगते म्हणूनच हाक मारायची. अगं बघून-सांगते, जेवायला ये. हे वाक्य मी डिसेंबरमध्ये टाकून दिलं, जुने बूट टाकतात तसं, आणि तेव्हापासून मी प्रत्येक गोष्टीला लगेच उत्तर देते. फारच मजा येते लगेच उत्तर देण्यात. समोरच्याचा चेहरा निवांत होतो, आपलाही होतो. आणि त्या ब्लॉकमध्ये, पस्तीसखालच्या दोन रेघांकडे बघताना, मला पहिल्यांदा असं वाटलं की त्या जुन्या बुटांनी निदान कुणाच्या पायावर पाय दिला नव्हता.

पुढचे प्रश्न मी सोडवत होते, हात सोडवत होता. वर्तुळाला स्पर्शिका काढली, सिद्धता लिहिली, पण डोकं तळमजल्यावर. आता तिने तक्ता केला असेल. आता बेरजेचा रकाना भरला असेल. ती बेरजा हळू करते पण चुकत नाही. आता सूत्र लिहिलं असेल, आणि आता तिला माझा आवाज ऐकू आला असेल, त्याच वर्गाची, पाकुं. आणि ती माझ्यावर विश्वास ठेवते. सौमित्रवर नाही ठेवत, सरांवर नाही, पुस्तकावरसुद्धा नाही, माझ्यावर ठेवते, कारण मी तिच्यासाठी काकांसमोर उभी राहिले होते. एकोणतीसमधून चार गेले पंचवीस, म्हणजे नापास. पुन्हा पंचवीस. जिथे तिथे तोच आकडा, जणू तो माणूस खोली सोडून माझ्यामागे लागला होता. रणवीरकाका हात पुसतायत आणि अस्मिता त्यांच्यासमोर मार्कशीट धरून उभी, हे मला इतकं स्पष्ट दिसलं की मी दोन ओळी वगळूनच पुढे लिहिलं आणि परत मागे जावं लागलं.

शेवटी मी हात वर केला आणि पहाऱ्यावरच्या बेनना, म्हणजे बाईंना, म्हटलं, बाथरूमला जायचंय. बाथरूम तळमजल्यावर. मला खरोखर जायचं होतं की नाही हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. प्यून बरोबर आला, चपला ओढत, किल्ल्यांचा जुडगा वाजवत. पाच नंबरच्या ब्लॉकचं दार उघडं होतं आणि अस्मिता दारालगतच्या रांगेत, तिसऱ्या बाकावर. तिने मान वर केली. मी एवढं मात्र ठरवलं होतं की काही करायचं नाही, खूण नाही, ओठ हलवणं नाही. जे सकाळी चुकलं ते चोरी करून दुरुस्त करायचं नाही, आणि पकडले गेलो तर चार मार्कांवर थोडंच थांबतं. मी दोन्ही मुठी ओढणीत गुंडाळून घेतल्या. ती माझ्याकडे बघत राहिली, डोळे मोठे, घाबरलेले. हो, घाबरलेलेच. मग तिने पुढे आलेली वेणी उचलली आणि मागे टाकली. मी चालत राहिले. परत येताना तिने पुन्हा वेणी पुढे घेतली होती आणि माझ्याकडे बघत पुन्हा मागे टाकली, जरा जोरातच, आणि वरच्या मजल्यावर जाईपर्यंत मला कळून चुकलं की तिला उकडतंय, तिला काही सुचत नाहीये, ती बुडतेय, आणि मी मुठी आवळून काठावरून निघून गेले.

सव्वा वाजता घंटा झाली. फाटकापाशी नेहमीचा गोंधळ, आयाबाया पाण्याच्या बाटल्या घेऊन, कुणी रडतंय, कुणी पेपरवर बोट ठेवून भांडतंय. सौमित्र भेटला, म्हणाला सोपा होता, आणि मी त्याला ढकलून पुढे गेले. अस्मिता कडुलिंबाखाली उभी होती, चेहरा पांढरा पडलेला. मी मनात वाक्य तयार करून ठेवलं होतं, माझं चुकलं, मी घरी येऊन काकांना स्वतः सांगेन. पण मी तोंड उघडायच्या आत तिने माझे दोन्ही दंड धरले, आणि मला हलवून विचारलं:

"मीडियन किती आलं?"

"पस्तीस," मी म्हटलं. "पण अस्मिता, मी सकाळी–"

"पस्तीस?" ती म्हणाली. "पाकुं पस्तीस?" आणि मी मान हलवल्यावर ती खाली बसली, तिथेच, मुळांवर, पालापाचोळ्यात, आणि हसायला लागली. हसता हसता मला डोबी म्हणाली, म्हणजे म्हैस, आणखी दोनचार जनावरं झाली. तिचं उत्तरही पस्तीसच होतं. मग जे कळलं ते असं की तिला सकाळी काही विचारायचंच नव्हतं. प्रिलिमच्या दिवशी मी शाळेच्या बेसिनपाशी ओकले होते आणि माझे हात धरून तीच उभी होती. तिला माहीत होतं की सकाळी मी अशीच असणार. आणि आमच्या नियमाचा अर्थच असा, जो घाबरलाय त्याला खडू द्यायचा. म्हणून तिने फोन करून मला एक सोपा, तिला नीट येणारा प्रश्न विचारला, की मी शिकवीन आणि बरी होईन. आणि मी अगदी ठणठणीत आवाजात चुकीचं उत्तर दिलं आणि फोन ठेवून दिला. तिने नंतर तीनदा फोन केला. तो आईच्या डिकीत वाजत असणार, नागरवाड्यापासून शाळेपर्यंत, माझ्या बुडाखाली.

"तीन तास," ती म्हणाली, "तीन तास मी माझा पेपर कमी लिहिला आणि तुझा जास्त लिहिला. मीडियन दिसलं तसं मला समोर दिसायला लागलं, की ही बया आता अडतीस वजा करणार. मग तू दारात दिसलीस. मी वेणी मागे टाकली, मागचा वर्ग, मागचा! दोनदा टाकली. तू बघून न बघितल्यासारखं करून निघून गेलीस."

मी म्हटलं, ती चोरी झाली असती. ती म्हणाली, वेणीवर कुणाची बंदी आहे, आणि शिवाय तुला कुठे कळलं? ते खरं होतं. इतकी भोळी चोरी कुणी कधी केली नसेल. मी तिच्या शेजारी बसले. पोटातला गोळा सकाळी विरघळला होता ना, तो खोटा होता; हा खरा विरघळत होता, हळूहळू, वरून खाली. मी तिला विचारलं की पण तुला कसं आलं, तुला तर ते सूत्र कधीच पाठ होत नव्हतं, मीच शिकवलेलं आणि तू पुन्हा पुन्हा विसरायचीस. तिने पालापाचोळ्यातून गेल्या वर्षीच्या निंबोळीच्या बिया गोळा केल्या. सूत्र कशाला हवंय, म्हणाली. साठ माणसं सेवउसळच्या गाडीवर रांगेत उभी आहेत, मधला म्हणजे तिसावा. लहान पोरं आठ, मग चौदा, बावीस जण खाऊन गेले. आता तीस-चाळीसवाले सोळा उभे आहेत, त्यातला मला आठवा हवा. सोळातला आठवा म्हणजे अर्ध्यात. दहा वर्षांचं अर्धं पाच. पस्तीस. तिने आठवी बी उचलून माझ्या तळहातावर ठेवली. इतके महिने मी तिला सूत्र ओरडून शिकवत होते आणि ती मान हलवून घरी जाऊन रांगा लावत होती, आणि मला सांगितलंसुद्धा नाही, कारण मी इतकी खूष असायची.

रणवीरकाका टेम्पो घेऊन आले होते. आम्हाला दोघींना पुढे बसवलं, सौमित्र मागे हौद्यात, उभा. सेवउसळ खाल्ली, तीही अस्मिताने रांगेत आठवं उभं राहून, मुद्दाम, मला चिडवायला. काका म्हणाले की तो पत्रा आज सकाळी कापला, तुमचं सगळं खडूचं त्यावरच होतं, पुसायला सांगणार होतो पण राहिलं. मग त्यांनी सवयीने मान माझ्याकडे वळवली आणि विचारलं, पास थशे ने? जीभ 'पा'वर आली होती. मी ती परत घेतली आणि म्हटलं, काका, तिलाच विचारा ना. त्यांनी जरा बावचळून तिच्याकडे बघितलं, जणू ती तिथे बसलेली आहे हे आत्ताच लक्षात आलं. अस्मिताने चमचा खाली ठेवला, बोटांवर काहीतरी मोजलं, सगळा पेपर मोजला असावा, कारण बराच वेळ लागला, आणि आम्ही सगळे, गाडीवाल्यासकट, थांबलो. मग ती म्हणाली, "पंचेचाळीसच्या खाली नाही, पप्पा." पाकुं म्हणाली नाही. तिला गरजच नव्हती. काकांनी तिच्या वाटीत आणखी सेव घालायला सांगितली.

दोन दिवसांनी विज्ञानाचा पेपर. सकाळी पावणेनऊला मी जिन्यात, एका पायात बूट, खाली हॉर्न, आणि फोन वाजला. अस्मिताने विचारलं की मोहना, गाडीला मागचं बघायला जो आरसा लावतात तो बहिर्वक्र ना? तिला उत्तर येत होतं. मला माहीत होतं की तिला येतंय, आणि तिला माहीत होतं की मला माहीत आहे. आणि मलाही येत होतं, अगदी तोंडावर होतं. आईने दुसरा हॉर्न दिला. मी जिन्याच्या पायरीवर बसले, दप्तर उघडलं.

"थांब," मी म्हटलं, "बघून सांगते."

"बघ," ती म्हणाली. "मी आहे."